‘मग काय?’ या शेऱ्याचं उत्तर

प्रश्न : आम्हाला एका चित्रपटाच्या सुरुवातीच्या प्रसंगाचं विश्लेषण लिहायला सांगितलं होतं. मी लो अँगल, ट्रॅकिंग शॉट, क्लोज-अप, मंद प्रकाश असं सगळं हेरून लिहिलं. बाईंनी खाली फक्त ‘मग काय?’ एवढाच शेरा दिला. माझं काय चुकलं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बाईंचा शेरा झोंबला असेल, पण तो बरोबर आहे. तुम्ही सामानाची यादी केलीत. ‘लो अँगलमुळे माणूस ताकदवान वाटतो’ हे वाक्य वहीत असेल तर आधी खोडा. कॅमेरा खाली ठेवून वर पाहणाऱ्या त्याच कोनातून डोक्यावर छत दिसू लागलं की तोच माणूस कोंडल्यासारखाही वाटतो.

मी चित्रपटांचा संकलक, आयुष्य कापाकापीत गेलं. नवा प्रसंग समोर आला की मी एकच विचारायचो : या क्षणी कोणाला काय माहीत आहे?

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) पाहा. एक हात बॉम्बचं घड्याळ लावतो, बॉम्ब एका गाडीच्या डिकीत जातो. मग कॅमेरा क्रेनवरून वर उठतो, छपरं ओलांडतो, गाडीच्या पुढे-मागे राहतो. रस्त्यात एक नवं जोडपं चालत येतं. गाडी आणि ते दोघं एकमेकांना पुन्हा पुन्हा गाठतात. गाडीतली बाई तर डोक्यात टिकटिक होतेय म्हणून कुरकुरते! बॉम्बचं आपल्याला ठाऊक, त्यांना नाही. तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही, म्हणजे चित्रण कुठेही तोडून जोडलेलं नाही.

का नाही? कट म्हणजे वेळेची चोरी. दहा मिनिटांचा रस्ता आम्ही दोन शॉटमध्ये संपवतो आणि कोणी तक्रार करत नाही. इथे चोरी केली असती तर घड्याळावरचा विश्वासच उडाला असता. कट नसल्यामुळे बॉम्बचा वेळ आणि तुमचा वेळ एकच होतो. जोडपं चुंबन घेतं, स्फोट ऐकू येतो, आणि तेव्हा कुठे पहिला कट.

याच शॉटची आणखी एक गंमत. स्टुडिओने त्यावर श्रेयनामावली चढवली आणि संगीतकार हेन्री मॅन्सिनीचं संगीत घातलं. वेल्सने बदल सुचवणारं ५८ पानी टिपण लिहिलं होतं. त्यानुसार १९९८ साली संकलक वॉल्टर मर्च यांनी चित्रपट पुन्हा संकलित केला, तेव्हा वेल्स हयात नव्हते. नावं गेली, ते संगीत गेलं. आता रस्त्यावरच्या क्लबांतलं आणि गाडीच्या रेडिओवरचं संगीत ऐकू येतं. गाडी चौकटीबाहेर गेली तरी रेडिओ सांगतो, ती जवळच आहे. चित्र तेच, पण आधी आपण वाट पाहत होतो, आता कान लावून गाडी शोधतो. (मला मात्र मॅन्सिनीचे बोंगो ढोल अजून आवडतात. संकलकांच्या बैठकीत हे बोलायची सोय नाही.)

तुमचा प्रसंग आधी आवाज बंद करून पाहा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. यादीतलं एकेक तंत्र मनातल्या मनात काढून टाका आणि काय बिघडतं ते लिहा. काहीच बिघडलं नाही तर ते खोडा. एखाद-दुसरंच उरेल; त्यावर दोन पानं लिहा. आणि मंद प्रकाशाबद्दल लिहिलंत खरं, पण त्या अंधारात दिग्दर्शकाने कोणाचा चेहरा लपवला होता, ते पाहिलंत का?