दुबईची ऑफर आणि तिसरीतला मुलगा

ताई, तुम्ही विचारलंय की दापोलीजवळचं तुमचं घरगुती लॉज कोरोनात बसलं ते पुन्हा धड उभं राहिलं नाही, कर्ज डोक्यावर आहे, मिस्टरांना दुबईच्या हॉटेलात नोकरी मिळतेय, तर तिसरीतल्या मुलाला घेऊन तुम्हीही जावं का. व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी हे सगळं सरकारी साइटवर मिळेल, ते मी लिहीत नाही. मी मूळची चिपळूणची, आम्ही दुबईशेजारच्या शारजात राहतो. तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

2020 आणि 2021, दोन्ही वर्षांचे एप्रिल-मे गेले. कोकणात पाहुण्यांवर पोट असलेल्यांचं वर्ष त्या दोन महिन्यांत कमावलं जातं. त्यातच 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडात पोफळी झोपवल्या. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत दिली, पण व्याज चालूच राहिलं, हे तुम्ही भोगलंय. अशा घराला आखात दिसणारच. पण त्याच साथीनं आखातातले पगारही बुडवले. मार्च 2020 च्या अखेरीस अमिरातीच्या कामगार मंत्रालयानं कंपन्यांना बिनपगारी रजेची आणि पगारकपातीची मुभा दिली. माझे मिस्टरही हॉटेलातच होते, मेंटेनन्सला. आधी पगार निम्मा झाला, मग रजा, मग नोकरी गेली. घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक मालकाकडे दिलेले, आणि तेव्हा चेक परत जाणं हा तिथे फौजदारी गुन्हा होता. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे परदेशातून भारतात येणाऱ्या पैशात आखाती देशांचा वाटा 2016-17 मध्ये निम्म्याहून जास्त होता, तो 2020-21 मध्ये सुमारे 30 टक्क्यांवर आला. त्या आकड्यात आमचंही घर आहे.

मी आणि मुलगी वंदे भारतच्या, म्हणजे कोरोनात परदेशी अडकलेल्यांना आणायच्या सरकारी मोहिमेच्या विमानानं परतलो. तिकीट आमच्याच पैशानं, मुंबईत हॉटेलातलं विलगीकरणही आमच्याच पैशानं. सासरच्या गावी पोचलो तर वाडीच्या तोंडाशी झाड आडवं टाकलेलं. मे महिन्यात आम्ही आलो की ज्या घरांतून चहाची बोलावणी यायची, त्यांनी पाणी भरायची वेळ वेगळी करून दिली. भीती सगळ्यांनाच होती, हे मला कळतं. पण मुंबईच्या चाकरमान्यांना आणि आम्हाला त्या उन्हाळ्यात जे बोललं गेलं ते मी विसरलेले नाही, विसरायचंही नाही.

आता शाळा. तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. शारजातल्या शाळेनं फी थकली म्हणून मुलीचा दाखला अडवला. ज्या साथीत बापाची नोकरी गेली त्याच साथीत चौथीतल्या पोरीचा कागद अडवून ठेवायचा, याचा राग माझ्या मनातून आजही जात नाही. गावच्या जिल्हा परिषद शाळेनं मात्र दाखल्यावाचून तिला घेतलं. शिक्षण हक्क कायद्यानं दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे गुरुजींनीच मला सांगितलं. शाळा बंद होत्या, मोबाइलला रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, पावसात तीही नाही. गुरुजी वाडीवाडीत येऊन पडवीत मुलं बसवायचे. माझी पोर तिथे मराठी लिहायला शिकली, पोहायला शिकली. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात आनंदाचं वर्ष ते होतं, असं मला वाटतं, आणि हे मी मिस्टरांना अजून बोललेले नाही.

2021 मध्ये त्यांना पुन्हा काम मिळालं. एप्रिलच्या अखेरीस अमिरातीनं भारतातून येणारी विमानं बंद केली होती, ऑगस्टपासून थोडी वाट मोकळी झाली. मधल्या काळात गावच्या शाळेच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग अमिरातीच्या वकिलातीचा, या फेऱ्या सुरू होत्या. फाइल चिपळूणला माहेरी ठेवलेली. 22 जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि फाइल चिखलात गेली. सगळं पहिल्यापासून. एवढं करून नेलं तर शारजातल्या दुसऱ्या शाळेनं मराठी माध्यमातलं वर्ष धरलंच नाही, एक इयत्ता खाली बसवलं. ती आज वर्गात सगळ्यात मोठी आहे. कुणी वय विचारलं की गप्प होते.

एकटेपणाचं विचारलंत. त्याची सवय होते. मराठी मंडळं आहेत, गणपती असतो, फोन आहे. त्यावर वेळ घालवू नका.

खरं सांगायचं तर 2021 मध्ये मला शारजाला परत यायचं नव्हतं. घराचं कर्ज होतं म्हणून आले. ते आता फिटत आलंय, आणि फिटल्यावर काय, हा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. मुलगी आता इथलीच झाली, गावी चार दिवसांत कंटाळते. लोक म्हणतात, तुमचं बरं आहे, दुबईला आहात. मला ते लागतं.

तुमच्या जागी मी असते तर पहिलं वर्ष मुलाला नेलं नसतं. मिस्टरांना जाऊ द्या. पगार दर महिन्याला वेळेवर होतोय का, मुलाच्या फीचा भत्ता करारात लिहून दिलाय का, हे बघा. तोंडी शब्दावर जाऊ नका. नोकरी गेली तर व्हिसाही जातो, तेव्हा एका सत्राची फी आणि तिघांचं परतीचं भाडं हात न लावता बाजूला असू द्या. नेणार असाल तर दाखला काढून शिक्के भारतातच पूर्ण करा, स्कॅन करून दोघांच्या मेलवर ठेवा. दुबईत त्याला अरबी सक्तीनं शिकावी लागेल, इंग्रजी आतापासून घ्या. आणि लॉज विकू नका. दोन खोल्या का होईना, मे महिन्यात चालू ठेवा.

मिस्टरांच्या करारात काय लिहिलंय ते मला कळवाल का?