मांजऱ्या चावला, मग इंजेक्शन का नाही?

प्रश्न : पावसाआधी कौलं परतताना आमच्या ह्यांच्या बोटाला साप चावला. लगेच सुटलाही नाही, बोट चघळतच राहिला. शेजारी म्हणाले फुरसं. साप धरणारा पोरगा म्हणाला मांजऱ्या. दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं तसंच ठेवलं, ह्यांना डोळे वर करायला लावले, रात्रभर ठेवून घेतलं. पण सापाचं इंजेक्शन दिलं नाही. सूज आहे, बोट बधिर आहे. नस गेली का?
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : ताई, डॉक्टरांनी केलं ते अगदी बरोबर. माझी नोकरी ह्याच भागात झाली. मांजऱ्याला फुरसं समजून घाबरलेली माणसं पुष्कळ पाहिली. दोघांच्या अंगावरची नक्षी फसवते खरी, पण फुरसं आखूड, जाड, खरखरीत. डिवचलं की अंग घासून करकर आवाज करतं. मांजऱ्या लांब, सडपातळ, गुळगुळीत. पालींच्या मागे तो कौलात शिरतो.

त्याचे विषाचे दात जबड्यात मागे असतात, तेही नुसते खाच असलेले. नागासारखं विष जोरानं आत सोडता येत नाही, म्हणून तर तो चघळतो. ह्या सापांच्या स्रावात मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथे जाऊन बसणारी प्रथिनं असतात. मज्जातंतूतून निघालेलं अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन स्नायूपर्यंत पोचलं, तरी त्याची जागा आधीच अडलेली. स्नायू हलत नाही. पण ही प्रथिनं पाली-पाखरांसाठी घडलेली. मांजऱ्याच्याच गणातल्या एका आग्नेय आशियाई सापाचं असं प्रथिन २००६ मध्ये तपासलं गेलं. कोंबडीच्या पिल्लाच्या स्नायूला ते चिकटलं ते सुटलंच नाही; उंदराच्या स्नायूवर परिणाम थोडा, तोही ओसरला. माणसाला मांजऱ्यानं लुळं केलेलं मी तरी पाहिलेलं नाही. सूज आणि ठणका येतो तो मांसातली प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममुळे.

फुरसं-घोणशीच्या विषानं रक्त गोठत नाही. नळीतलं गोठलं, म्हणजे ते विष रक्तात तेव्हा तरी दिसलं नाही. डोळे वर करायला लावले ते मण्यार-नागासाठी. त्यांच्या विषानं आधी पापण्या जड होतात. मण्यारीचं लक्षण कधी उशिरा दिसतं, म्हणून रात्रभर ठेवलं. नुसत्या पोराच्या शब्दावर घरी सोडलं असतं, तर मात्र मी डॉक्टरांना बोल लावला असता. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांसाठीच आहे. मांजऱ्यावर त्याचा उपयोग नाही, उलट ॲलर्जीचा धोका.

बधिरपणा बहुतेक सुजेनं मज्जातंतूंवर आलेल्या दाबाचा आहे; सूज उतरली की जाईल. बोट पूर्ण मिटतंय का, टोकाला टोचलेलं कळतंय का, रोज बघा. मिटेनासं झालं, काळं पडलं किंवा पू धरला, तर त्याच दिवशी दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं का, कागदावर पाहून घ्या. आणि हळद-चुन्याचा लेप लावला असेल तर धुऊन टाका. सासूबाईंना माझं नाव सांगा.