पाहुण्यांपुढे गप्प

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची. पाहुण्यांपुढे श्लोक म्हणत नाही, हसून बोलत नाही. परवा मात्र चांगला चालणारा टेबलफॅन सगळा सुटा केला. बाई म्हणतात, ‘वळण लावा.’ काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी त्या फॅनचा प्लग काढून ठेवा, वळणाचं नंतर बघू. मी तीस वर्षं चौथीला शिकवलं. टापटीप वही, गोड बोलणं दिसलं की भराभर शाबासकी द्यायचे. चुकलंच माझं, त्या वह्यांत फळ्यावरचं सोडून काही नसायचं.

तुमच्या लेकीचे हात सुटं करतात, तर त्यांना जोडायलाही काहीतरी द्या. १९७८ मध्ये, टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची वॉलट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी, जोडून भूमितीचे आकार केले. स्वस्तातलं काम आहे. काड्यांचं गुल खरवडा, त्या नळीचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे कापा आणि लेकीपुढे ठेवा. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण ढिम्म हलत नाही. का, ते सांगू नका हं! माझ्या वर्गात एकीने दोन दिवस घेतले, पण चौकोन हलू नये म्हणून तिरकी काडी लावायचं स्वतःच शोधलं. अभ्यासात यथातथाच होती.

श्लोकाचं म्हणाल, तर एकदा पाहुण्यांनाच म्हणायला सांगा.