खात्याला दुसरं कुलूप: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

बँकेच्या व्यवहाराला ओटीपी येतोच. मग जीमेललाही टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, कशाला? माझ्या मेलमध्ये चोरण्यासारखं काहीच नाही.
— निवृत्त शिक्षिका, मिरज

बाई, मेलमध्ये पैसे नसतात हे खरं, पण बाकीच्या खात्यांच्या चाव्या तिथेच असतात. कुठल्याही साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ असं दाबून पाहा. नवा पासवर्ड करायची लिंक बहुतेकदा मेलवरच येते. त्यामुळे मेल ज्याच्या हातात, त्याला फेसबुक, रेल्वे तिकिटाचं खातं, नातवंडांचे फोटो असं सगळं एकामागून एक उघडता येतं. पासवर्ड चोरायला कुणाला तुमच्या घरी यावं लागत नाही. एखाद्या खरेदीच्या साइटवर आणि मेलला तुम्ही एकच पासवर्ड ठेवला असेल आणि त्या साइटवरची माहिती फुटली, की झालं. म्हणून मी सगळ्यांना एकच क्रम सांगतो: आधी मेल, मग व्हॉट्सअ‍ॅप, बाकीचं सवडीनं.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘गूगल’वर जा. तिथून स्वतःचं खातं उघडलंत की सुरक्षेच्या विभागात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सापडेल. तुमच्यासाठी त्यातला गूगल प्रॉम्प्ट सगळ्यात सोपा. नव्या ठिकाणाहून कुणी लॉगिन करू लागलं की तुमच्या फोनवर ‘तुम्हीच आहात का?’ असा प्रश्न येतो. तुम्ही काहीच करत नसताना तो आला, तर ‘नाही’ दाबा आणि त्याच दिवशी पासवर्ड बदला, कारण तुमचा पासवर्ड बहुधा कुणाला तरी कळलेला आहे. रोजच्या वापरातल्या फोनवर तो सारखा विचारत बसत नाही, त्यामुळे जाच होईल ही भीती मनातून काढून टाका.

माल गाडीनं पाठवताना ऑनलाइन काढाव्या लागणाऱ्या ई-वे बिलाला लॉगिन करताना ओटीपी सक्तीचा झाल्यापासून अडचण होते. ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो, बिल दिवाणजी काढतात. मी गावाला गेलो की हळदीची गाडी भरून उभी राहते. काही सूट मिळते का?
— हळद व्यापारी, मार्केट यार्ड, सांगली

सूट नाही. ही सक्ती टप्प्याटप्प्यानं आली. २०२३च्या ऑगस्टमध्ये शंभर कोटींवर उलाढाल असलेल्यांना, जानेवारी २०२५ पासून वीस कोटींवरच्यांना, फेब्रुवारीत पाच कोटींवरच्यांना आणि १ एप्रिल २०२५ पासून उरलेल्या सगळ्यांना. पण तुमची अडचण या नियमानं झालेली नाही. एकच लॉगिन तुम्ही, दिवाणजी आणि कदाचित कर सल्लागाराच्या ऑफिसातला मुलगा असे तिघं मिळून वापरता, तिथे घोळ आहे.

ई-वे बिलाच्या पोर्टलवर यूजर मॅनेजमेंटमध्ये सब-यूजर, म्हणजे तुमच्या खात्याखाली दुसऱ्याचं वेगळं लॉगिन, तयार करता येतो. दिवाणजींच्या नावानं, त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर देऊन तो करा. त्यांचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येईल. त्यांना कोणती कामं करता यावीत हे तुम्हीच ठरवायचं. माणूस नोकरी सोडून गेला, तर त्याचा सब-यूजर तेवढा गोठवायचा, तुमचा पासवर्ड बदलत बसायला नको. एका पासवर्डवर सगळी पेढी चालवली, तर उद्या चुकीचं बिल कुणी काढलं हेही सांगता येत नाही. माझ्या मते ओटीपीपेक्षा हा फायदा मोठा आहे.

एसएमएस उशिरा येत असेल, तर त्याच पोर्टलच्या मेनूतून ‘एनआयसी-जीएसटी-शील्ड’ हे अ‍ॅप घ्या. ते फोनवरच कोड तयार करतं, तो कोड दर तीस सेकंदांनी बदलतो आणि त्यासाठी अ‍ॅपला इंटरनेट लागत नाही. ते पोर्टलवरूनच घ्यायचं. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल उघडू नका.

आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, धंदा आहे. भाऊ तामिळनाडूत, मी विट्यात. धंद्याच्या मेलचा कोड माझ्या फोनवर येतो, मग फोन करून सांगावा लागतो. रात्री-अपरात्री फार त्रास होतो.
— वाचक, विटा

त्रासापेक्षा सवय वाईट आहे. भावाचा आवाज काढून, नाहीतर ‘भाऊंनी सांगितलंय’ म्हणत, एखादा परका कोड मागेल आणि तुम्ही झोपेत सांगून टाकाल. कोड तोंडी सांगायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करा.

ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरा. सुरुवातीला पडद्यावर एक क्यूआर कोड दिसतो. त्यात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि त्या क्षणाची वेळ मिळून अ‍ॅप सहा आकडी कोड काढतं आणि साइटही तिच्या बाजूला तेच गणित करते. म्हणून फोनला रेंज नसली तरी चालतं. तोच क्यूआर दोघांनी आपापल्या फोनवर स्कॅन केला, तर दोघांकडे एकच कोड दिसतो. भाऊ सणाला गावी येतील तेव्हा शेजारी बसून हे करा. क्यूआरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, कारण तो ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे किल्लीही जाईल.

अ‍ॅपचा कोड बरोबर असून साइट ‘चुकीचा’ म्हणत असेल, तर फोनचं घड्याळ तपासा. तारीख-वेळ आपोआप घेण्याची सोय चालू केली की बहुतेकदा काम होतं.

यात आणखी एक फायदा आहे. कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणी काढलं, तर एसएमएसचे ओटीपी त्याच्याकडे जातात, अ‍ॅपमधले जात नाहीत. फोनची रेंज अचानक गेली आणि परत येईना, तर दुसऱ्या फोनवरून लगेच सिम कंपनीला विचारा.

२०१९च्या महापुरात घरातलं सगळं भिजलं, फोनही. हे दुसरं कुलूप लावलं आणि फोनच गेला, तर आपणच बाहेर राहायचं का?
— गृहिणी, गावभाग, सांगली

ताई, ही भीती रास्त आहे आणि तिच्यावरचा उपाय आधीच करून ठेवावा लागतो. फोन गेल्यावर फार थोडं हातात उरतं. टू-स्टेप चालू केलंत की त्याच पानावर ‘बॅकअप कोड’ मिळतात. गूगल दहा देतं, प्रत्येक एकदाच चालतो. नवे काढले की जुने रद्द. हे कोड फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, फोनच गेल्यावर फोटोचा काय उपयोग? कागदावर उतरवा. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्ड, सात-बारा ठेवता त्या पिशवीत, जी पुराची सूचना आली की पहिली उचलली जाते. दुसरी प्रत कृष्णेपासून लांब, विश्रामबागला नाहीतर माहेरी, विश्वासाच्या माणसाकडे. कागदावर पासवर्ड लिहू नका, म्हणजे तो कुणाच्या हाती पडला तरी एकट्यानं कामाचा नाही.

रिकव्हरीसाठी, म्हणजे खातं परत मिळवायला, दिलेला नंबर अजून चालू आहे ना, हेही आजच पाहा. मुलाचा कॉलेजातला जुना, रिचार्ज न केलेला नंबर तिथे असेल, तर तो कालांतरानं दुसऱ्याला मिळतो.

‘चुकून तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, तो पाठवा’ असा मेसेज ओळखीच्या माणसाकडून आला. पाठवला. आता व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही.
— वाचक, पलूस

तुमचं व्हॉट्सअ‍ॅप चोरानं स्वतःच्या फोनवर चालू केलंय, आणि ज्या ओळखीच्या नावानं मेसेज आला त्याचंही आधी असंच गेलं असणार. अ‍ॅपमध्ये आपला नंबर टाकून पुन्हा नोंदणी करा. नवा कोड तुमच्याच सिमवर येईल आणि तो टाकला की समोरचा बाहेर पडतो. तुम्ही कधीच न लावलेला पिन मागितला, तर तो चोरानं लावलेला आहे, सात दिवस थांबावं लागेल. तोवर नातेवाइकांना साध्या फोननं कळवा की माझ्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका. कुणी पैसे पाठवलेच असतील, तर त्यांना वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगा. खातं परत मिळालं की सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली स्वतःचा सहा आकडी पिन लावा आणि तिथेच मेल आयडीही द्या, म्हणजे पिन विसरलात तर तो मेलवरून बदलता येईल.