फ्लॅटच्या बुकिंगचा चेक देण्याआधी

आधी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. तिथली ताब्याची तारीख, बोजा (प्रकल्पावरचं कर्ज किंवा गहाण) आणि चालू दावे वाचा. ब्रोशरमधली तारीख विसरा. बांधकाम परवानगी, म्हणजे सीसी, तुमच्या मजल्यापर्यंत आहे का? बरेचदा ती जोत्यापुरतीच असते आणि विक्री मात्र वीसाव्या मजल्याची चालते!

करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही (रेरा कायदा, कलम १३). नुसत्या अलॉटमेंट लेटरवर २० टक्के मागितले तर सरळ नकार द्या. करारात चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) आणि ताब्याची तारीख आकड्यांत हवी. तारीख हुकली, तर कलम १८ नुसार व्याजासह परतावा किंवा ताब्यापर्यंत दरमहा व्याज मागता येतं. जमीन गहाण असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही घ्या.