बेघर तरुणांची केस हातात घेताना: नोकरीच्या आधी काय, आणि मधल्या दिवसांचं काय

प्रश्न असा होता: पुण्यातल्या एका संस्थेत १८ ते २४ वयाच्या बेघर मुलामुलींसाठी केस मॅनेजर म्हणून रुजू झालात, हातात तीसेक फायली आल्या आहेत, आणि वरून सांगणं आहे की 'आधी नोकऱ्या लावून द्या'. सुरुवात कुठून करावी?

नोकरीपासून करू नका. ही मुलं नोकरीअभावी जितकी रस्त्यावर येतात, त्याहून जास्त मधल्या दिवसांत येतात. बालगृह सुटलं आणि खोली मिळायची आहे ते दिवस, काम लागलं पण पगार व्हायचा आहे ते दिवस, ससूनसारख्या मोठ्या दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला पण पाठ टेकायला जागा नाही ते दिवस. प्रत्येक फाईल उघडताना पहिल्या पानावर एवढंच लिहा: याचा पुढचा मधला काळ कोणता, आणि तो किती दिवसांचा?

मग मुलगा कुठून आला ते बघा, कारण त्यावर हक्क ठरतात. बालगृहातून किंवा निरीक्षणगृहातून आलेला असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ४६ त्याला लागू होतं. अनुरक्षण सेवा, म्हणजे १८ नंतर संस्थेबाहेर पडल्यावर मिळणारी मदत, २१ वर्षांपर्यंत, आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत मिळू शकते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत यासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे आणि ती रक्कम मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात जाते. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, सोबत बाल कल्याण समितीचा आदेश. घोळ बहुधा एकाच ठिकाणी होतो. १८ पूर्ण होताना मुलाला 'नातेवाइकांच्या ताब्यात दिले' अशी नोंद होते, तो मामाकडे महिनाभर कसाबसा राहतो, बाहेर पडतो, आणि मग खिडकीवर ऐकायला मिळतं की तुझं पुनर्वसन झालेलं आहे. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. मामाकडून बाहेर का पडावं लागलं ते चार ओळींत लिहून अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली पोच घ्या आणि फाईलला लावा. संस्थेत असलेलं मूल १७ वर्षांचं झालं की हे काम सुरू व्हायला हवं. १८ व्या वाढदिवसानंतर धावपळ करून फारसं हाती लागत नाही.

अनाथ प्रमाणपत्राबाबत एक गैरसमज सगळीकडे दिसतो. २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे, पण ते आई-वडील दोघेही हयात नसलेल्यांसाठी. बालगृहातल्या बऱ्याच मुलांची आई किंवा वडील कुठेतरी असतात. फाईल न वाचता 'तुला आरक्षण मिळेल' असं बोलून जाऊ नका. तो त्या एका वाक्यावर दोन वर्षं भरतीची तयारी करेल.

आता आधार, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडतं. मुलगा म्हणतो 'माझ्याकडे आधार नाही', आणि आपण नवीन नोंदणी करून मोकळे होतो. काही आठवड्यांनी ती नामंजूर होऊन येते, कारण त्याचं आधार आधीच निघालेलं असतं. बालगृहात आठव्या-नवव्या वर्षी शिबिरात काढलेलं, क्रमांक त्याला ठाऊक नाही, मोबाईल जोडलेला नाही. म्हणून आधी आधार सेवा केंद्रात नेऊन बायोमेट्रिकवरून जुना क्रमांक शोधायला सांगा. नाव, लिंग आणि जिल्हा किंवा पिनकोड बरोबर सांगावा लागतो, आणि पिनकोड हा त्या वेळच्या बालगृहाचा असतो, आजचा नाही. ठसा जुळत नसेल तर दोन शक्यता. पंधराव्या वर्षी करायचं सक्तीचं बायोमेट्रिक अद्ययावतीकरण राहून गेलेलं असतं, किंवा केटरिंगमध्ये भांडी घासून, साइटवर सिमेंट कालवून बोटं झिजलेली असतात. तिथे अडून बसू नका, डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅन करायला सांगा. पत्त्यासाठी भाडेकरार लागतोच असं नाही. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने आधारच्या ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र चालतं, राजपत्रित अधिकारी किंवा आमदार यांचंही चालतं. हे प्रमाणपत्र दिल्या तारखेपासून तीनच महिने ग्राह्य असतं. सही आधी आणि केंद्राची वेळ नंतर, असा उलटा क्रम लागला की मुदत उलटते आणि पुन्हा सगळ्या चकरा. आधी वेळ घ्या, मग सही.

कागद पूर्ण होईपर्यंत बँक अडवते, पण 'स्मॉल अकाउंट' नावाची सोय आहे. स्वतः साक्षांकित केलेला फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा एवढ्यावर ते उघडतं. शिल्लक ५० हजारांच्या वर नाही, वर्षात जमा १ लाखाच्या वर नाही, महिन्यात काढता येतात १० हजार. मुदत १२ महिने, कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला तर आणखी १२. शाखेत 'असं काही नसतं' म्हणाले तर व्यवस्थापकाला भेटा आणि विनंती लेखी द्या.

खातं उघडल्याच्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा: पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कुणालाही भाड्याने द्यायचं नाही. स्टेशनवर, नाक्यावर दोन-पाच हजार देऊन अशी खाती गोळा करणारे फिरत असतात. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचे पैसे फिरतात, खातं गोठतं आणि पोलिसांची नोटीस मुलाच्या नावाने येते. रस्त्यावर झोपणाऱ्या मुलाला ही ऑफर चुकीची वाटतच नाही. 'माझ्या खात्यात होतं काय?' असं तो विचारतो आणि त्याचं बरोबरच असतं. म्हणून धाक घालू नका, पैसे कसे फिरतात ते कागदावर रेघा ओढून दाखवा.

नोकरी लागली की आपल्याला हायसं वाटतं, आणि नेमक्या तिथेच मुलं सुटतात. हिशोब मांडून बघा. १२ जूनला हॉटेलात लागला. १० जुलैला हातात येतो तो जूनच्या १९ दिवसांचा पगार. त्यातून कॉट बेसिसचं भाडं, खानावळ, बसचा पास आणि आधी घेतलेली उसनवारी भागत नाही. पहिला पूर्ण पगार १० ऑगस्टला, म्हणजे ५९ दिवसांनी. काही ठेकेदार पहिले पंधरा दिवस 'दाबून' ठेवतात, तिथे आणखी लांबतं. तिसऱ्या आठवड्यात खायला पैसे नसले की मुलगा रोजंदारीच्या केटरिंगला जातो, कारण तिथे रात्री रोख मिळते आणि जेवणही. दुसऱ्या दिवशी ड्युटी चुकते. मालक सांगतो 'पोरगं टिकलं नाही', आणि आपणही फाईलमध्ये तेच लिहितो. तेव्हा नोकरी लावण्याआधी दोन महिन्यांची तजवीज करा. खानावळीचे पैसे थेट खानावळवाल्याला, प्रवास आणि वरखर्च दर सोमवारी हातात, काळे बूट आणि पँट रुजू व्हायच्या आदल्या दिवशी. एवढा निधी संस्थेकडे नसेल तर एका वेळी कमी जणांना नोकरी लावा, पण टिकवा.

राहण्यासाठी पालिकेचा निवारा पहिले काही दिवस ठीक. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाचा निकष १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांच्या सोयीचा होता, प्रत्यक्षात जागा कमीच पडते. मुलाला नेण्याआधी दरवाजा किती वाजता बंद होतो ते विचारा. हॉटेलातून रात्री एकला सुटणाऱ्याला दहाची वेळ चालत नाही, त्यासाठी प्रमुखाकडून नावानिशी लेखी सवलत घ्या. सामान ठेवायला कुलपाचं कपाट आहे का तेही बघा. कागद आणि मोबाईल चोरीला गेला की महिन्याची मेहनत जाते, म्हणून मूळ कागदांचे स्कॅन संस्थेत आणि डिजिलॉकरमध्ये, दोन्हीकडे ठेवा.

मुली फुटपाथवर दिसत नाहीत म्हणून त्या बेघर नाहीत असं नव्हे. त्या मालकिणीच्या घरी, मैत्रिणीच्या खोलीत, नको असलेल्या नात्यात राहत असतात. तातडीला १८१ ही महिला हेल्पलाइन आणि संकटातल्या महिलांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर, पण तिथला मुक्काम थोड्या दिवसांचाच. पुढची जागा, म्हणजे शक्ती सदन हे महिलांचं निवारागृह किंवा कमावती असेल तर सखी निवास हे वसतिगृह, पहिल्याच दिवशी शोधायला घ्या. तृतीयपंथी मुलांसाठी गरिमा गृह हा वेगळा निवारा आहे. त्यांना पुरुषांच्या निवाऱ्यात ढकलू नका.

पहिल्या भेटीत 'गाव कुठलं?' हे विचारायची आपल्याला सवय असते. गाव नसलेल्या मुलाला तो प्रश्न लागतो. 'काल कुठे झोपलास, आज कुठे झोपणार?' इथून सुरू करा. तो सज्ञान आहे, त्याला न विचारता घरी फोन लावू नका. संपर्कासाठी त्याचा नंबर पुरत नाही, तो बदलत राहतो. चहाच्या टपरीवाला, एखादा हमाल, एखादा मित्र अशी तीन नावं त्याच्याच संमतीने लिहून घ्या. नोंदीत 'उद्धट, बेफिकीर' असे शेरे नकोत. तो काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत, तो काय करणार, तुम्ही काय करणार, पुढची भेट कुठे आणि कधी, एवढं लिहा. तुमच्या जागी उद्या दुसरं कुणी आलं तरी त्या नोंदीवरून काम पुढे जायला हवं.

मुलगा नशेसाठी व्हाइटनर किंवा सोल्युशन ओढत असेल तर कागदपत्रांची कामं थांबवू नका, फक्त वेळ सकाळची ठेवा. दारू रोजची असेल तर 'आजपासून बंद' असं सांगू नका, एकदम सोडल्याने झटके येऊ शकतात, आधी डॉक्टर. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी. औषध मोफत असतं, आणि मुलगा शहर बदलतोय असं कळलं तर उपचार निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर नव्या ठिकाणी वर्ग करून घ्या, नाहीतर गोळ्या मध्येच सुटतात. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ आपल्याकडे अजून लागू आहे, पहिल्यांदाच दोषी ठरला तरी १ ते ३ वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. मुलाला या कायद्याखाली पकडल्याचं कळताच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. ताब्यातल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

दिवाळीची तयारी सप्टेंबरात करा. खानावळी बंद, खोलीतले बाकीचे गावाला, ठेकेदार सुट्टीवर. पाच-सहा दिवस जेवणाची सोय नसते आणि सोबत कुणी नसतं. जुन्या सवयीकडे परतणं याच दिवसांत जास्त होतं. कोण कुठे जेवणार आणि कुणासोबत असणार याची यादी आधी करा, आणि तुमची रजा त्याच आठवड्यात असेल तर सहकाऱ्याशी मुलाची प्रत्यक्ष ओळख करून द्या.

आता वरिष्ठांचं. तीस फायलींपैकी पहिल्या दोन-तीन महिन्यांतली मुलं किती, हे वेगळं काढून दाखवा. त्यांना आठवड्यातून एक प्रत्यक्ष भेट लागतेच आणि एका माणसाला असे दहा-बारा जणच नीट सांभाळता येतात, असं माझं ठाम मत आहे. अहवालात 'नोकरी लागली' या रकान्याशेजारी 'दुसरा पगार हातात आला' हा रकाना घाला, आणि फाईल त्यानंतरही सहा महिने उघडी ठेवा. बंद केलेल्या फाईलमधला मुलगा परत आला तर त्याच्याकडून नवा फॉर्म भरून घेऊ नका, जुन्याच फाईलमध्ये त्या दिवसाची तारीख टाकून पुढे लिहा.