गुडघेरोपणानंतरचा तिसरा आठवडा आणि कार्यालयातील सहकाऱ्यांचे फोन

नमस्कार ताई,

उजव्या गुडघ्याच्या रोपणाला तीन आठवडे होत आले, टाके निघाले, घरातल्या घरात वॉकर घेऊन हिंडता येते, परंतु गुडघा ८० अंशांपुढे (पूर्ण सरळ पाय म्हणजे शून्य, काटकोन म्हणजे ९०) वाकत नाही, रात्री झोप लागत नाही, आणि कार्यालयातून "कशा आहात?" असा फोन आला की बरे वाटण्याऐवजी रडू येते, असे तुम्ही लिहिले आहे. सहकाऱ्यांना काही दिवस फोन करू नका असे सांगावे का, हा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की त्यांना थांबवू नका. मात्र काय विचारायचे हे तुम्हीच त्यांना सांगा. माझ्या दोन्ही गुडघ्यांचे रोपण झाले तेव्हा मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरीला होते, आणि पुढे नात्यातल्या व ओळखीतल्या अनेकांना यातून जाताना जवळून पाहिले आहे. त्या आधारावर हे सविस्तर लिहीत आहे.

आधी रडू येण्याविषयी. रुग्णालयातले दिवस धावपळीत जातात, घरी आल्यावर पहिला आठवडा पाहुण्यांत जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घर पुन्हा आपापल्या कामाला लागते. तेव्हा दुखणे, अपुरी झोप आणि पाण्याच्या तांब्यासाठीही दुसऱ्याला हाक मारावी लागणे हे सारे एकदम अंगावर येते. या शस्त्रक्रियेनंतर असे मन खचणे फार जणांच्या वाट्याला येते, आणि झोप सुधारली की बहुधा तेही ओसरते. तरीही ते आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. गुडघा गरम लागणे, संध्याकाळी सूज वाढणे आणि टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर वाटणे यांनी घाबरून जाऊ नका. सूज आणि ऊब काही महिने राहते. बधिरपणा छेदाच्या वेळी त्वचेच्या बारीक नसा कापल्या गेल्यामुळे येतो आणि थोडासा कायमही राहू शकतो. परंतु पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि दम लागला किंवा छातीत दुखले तर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

आता ८० अंशांविषयी. साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत ९० अंश यावेत अशी अपेक्षा असते, त्यामुळे तुम्ही थोड्या मागे आहात, पण वेळ हातची गेलेली नाही. सपाट जमिनीवर चालण्यास सुमारे ६५ ते ७० अंश पुरतात, जिना चढण्यास ८५च्या आसपास लागतात आणि खुर्चीतून सहज उठण्यास ९५ किंवा त्याहून थोडे अधिक. तुमचे काम बैठे आहे, म्हणून तुमच्यासाठी हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. मात्र वाकण्याच्या नादात गुडघा पूर्ण सरळ होण्याकडे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते ते अधिक नुकसानीचे आहे, कारण पाय थोडासा जरी वाकलेला राहिला तरी चाल लंगडी होते. बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊ नका. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या आणि मांडी आवळून तो खाली दाबा. सांध्यात सूज असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळलाच जात नाही, म्हणून पाय उंचावर ठेवणे आणि कापडातून १५-२० मिनिटे बर्फाने शेकणे हा व्यायामाचाच भाग समजा. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी घेता येईल का, हेही डॉक्टरांना विचारून घ्या. सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत गुडघा ९०च्या आतच अडला असेल, तर पुढे काय करायचे ते स्पष्ट विचारा; काही रुग्णांना भूल देऊन गुडघा वाकवून द्यावा लागतो, आणि तो निर्णय फार लांबला तर त्याचा उपयोग कमी होतो.

सहकाऱ्यांचे साहाय्य नेमके येथेच होते. "दुखते का?" या प्रश्नाला या दिवसांत एकच उत्तर असते आणि ते दिल्याने दुखणे आणखी जाणवते. आमच्या हिशेब विभागातल्या एक बाई मला दुपारी चारला, म्हणजे कार्यालयातल्या चहाच्या वेळी, फोन करीत. मी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवी, हात असलेल्या खुर्चीत बसे आणि उघड्या फरशीवर टाच मागे सरकवत नेई. ती जेथे थांबे तेथे शेजारी घरातले कोणीतरी खडूने रेघ ओढी. पलीकडून त्या शांतपणे दहापर्यंत आकडे मोजत, तोवर टाच तेथेच धरायची. मग एवढेच विचारत, "कालच्या रेघेच्या मागे गेली का?" कधी रेघ बोटभर मागे जाई, कधी तेथेच राही, आणि सूज असेल त्या दिवशी पुढेही येई; त्या फक्त "बरं, उद्या बघू" म्हणत आणि कार्यालयातल्या गोष्टी सांगू लागत. त्या धीराची किंमत मला आजही शब्दांत सांगता येणार नाही. तुमच्या सहकाऱ्यांपैकी अशी एकच व्यक्ती निवडा, वेळ ठरवा, आणि बाकीच्यांना आठवड्यातून एकदा निरोप पाठवा. मात्र खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि नितंब उचलून फसवे माप घेऊ नका.

आणखी दोन गोष्टी त्यांना स्पष्टपणे सांगाव्यात. एक, "माझी आत्या पंधराव्या दिवशी काठी टाकून चालायला लागली" अशी तुलना कोणी करू नये; शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकत होता, यावरही नंतरचे वाकणे पुष्कळ अवलंबून असते. दुसरी, भेटीला येताना पेढे-बर्फी नको. तुम्हाला मधुमेह आहे असे लिहिले आहे, आणि साखर वाढलेली राहिली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सर्दी-खोकला असलेल्यांनी फोनवरच बोलावे.

कामावर परतण्याबाबत घाई नको. बैठ्या कामासाठी बहुतेकांना सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पहिले काही दिवस अर्धा दिवस मिळाला तर फारच उत्तम. तसा अर्ज आत्ताच देऊन ठेवा. तुम्ही कोथरूडहून पुणे स्टेशन परिसरात दुचाकीने जात होता. सिग्नलला किंवा खड्ड्यापाशी एकाएकी पाय टेकून गाडीचा तोल सावरावा लागतो, आणि नव्या गुडघ्याला तो झटका बाधतो, त्यामुळे डॉक्टर परवानगी देईपर्यंत दुचाकी नकोच, मागे बसूनही नको. बसची पायरी उंच असते आणि गर्दीत धक्का लागतो. वनाझहून पुणे रेल्वे स्थानकापर्यंत मेट्रो कोठेही न बदलता जाते आणि स्थानकांत लिफ्ट आहे, म्हणून मला तोच मार्ग योग्य वाटतो. धातुशोधक दारातून जाताना आवाज होऊ शकतो. तपासणी करणाऱ्यांना गुडघ्याचे आधीच सांगावे. घरापासून मेट्रोपर्यंत रिक्षा करणार असाल, तर आधी पाठमोरे बसून मागे सरका आणि मग पाय आत घ्या. कोणी सहकारी चारचाकीने त्याच रस्त्याने येत असेल, तर पुढची जागा मागे सरकवून घ्यायला संकोच करू नका.

कार्यालयात तुमच्या जागेवर हात असलेली, थोडी उंच खुर्ची हवी, म्हणजे बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहील. आमच्या शिपाईमामांनी माझ्या खुर्चीखाली बसवायला लाकडी पाट आणून ठेवला होता, आणि तो डगमगत नाही ना, हे रोज सकाळी हाताने दाबून पाहत. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाका, त्यासाठी शेजारच्याला आठवण करायला सांगा. प्रसाधनगृहात कमोड आणि धरायला दांडी आहे का, हे रुजू होण्यापूर्वी कोणाकडून तरी पाहून घ्या, कारण उकिडवे बसणे आता शक्यतो टाळायचे आहे. तुमचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट वरचेवर बंद असते, तेव्हा जिन्याचा सराव घरीच, फिजिओथेरपिस्टसमोर करा: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय, आणि एक हात कठड्यावर. पहिल्या दिवशी सोबत कोणी असेल, तर त्यांनी चढताना तुमच्या एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहावे, आणि तुमची पिशवी त्यांच्याकडे द्यावी.